पान आणि ऊन : बदलत्या प्रकाशाशी पाने कशी जुळवून घेतात

(सामान्य विज्ञान व परिसर अभ्यास – इयत्ता ५ वी ते ७ वी. शिक्षकांसाठी पाठटिपण)

१. पाठाची भूमिका

‘वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो,’ हे वाक्य आपल्या शाळांतील मुलांना तोंडपाठ असते. परीक्षेत ते बिनचूक लिहिले जाते आणि त्याला गुणही मिळतात. वाक्य खोटे नाही; परंतु ते अर्धेच आहे. या अर्धेपणामुळे काय घडते, याचा एक अनुभव प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी एका शाळेत आला, तो प्रथम सांगतो.

त्या शाळेत मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी कडुनिंब, चिंच व आंबा यांची पस्तीस-चाळीस रोपे पिशव्यांत तयार केली होती. ऊन लागू नये म्हणून ती व्हरांड्याच्या आतल्या बाजूस, भिंतीच्या सावलीत ठेवली होती. सुट्टीतही कोणी ना कोणी येऊन त्यांना पाणी घालीत असे. रोपे हिरवीगार व टवटवीत दिसत. जुलैमध्ये समारंभपूर्वक ती मैदानाच्या कडेने लावण्यात आली. त्यानंतर पावसाने चार-पाच दिवस उघडीप दिली आणि स्वच्छ ऊन पडले. आठवडा संपण्यापूर्वीच आंब्याच्या पानांवर पांढुरके व तपकिरी चट्टे उमटले आणि पुढे पाने करपून गळू लागली. ‘पाणी कमी पडले,’ असा सर्वांचा निर्णय झाला. पण आळ्यातील माती तर ओली होती.

तेवढ्यात सहावीतील एका मुलाने एक करपलेले पान उचलून दाखविले. त्या पानावर दुसरे पान आडवे आले होते, तेवढी जागा जशीच्या तशी हिरवी राहिली होती. वरच्या पानाची आकृतीच खालच्या पानावर उमटली होती. पाणी दोन्ही भागांना सारखेच मिळाले होते. फरक होता तो केवळ उन्हाचा. जो प्रकाश वनस्पतीचे अन्न तयार करण्यास लागतो, त्याच प्रकाशाने पान भाजून काढले होते.

त्या पानाने उभा केलेला प्रश्न हाच या पाठाचा विषय आहे. प्रकाश कमी पडला तर पानाची उपासमार होते आणि अधिक झाला तर त्यास इजा होते. पान जागा सोडून जाऊ शकत नाही. मग सकाळ, दुपार, ढग, सावली, पावसाळा, उन्हाळा अशा सतत बदलणाऱ्या प्रकाशाशी ते कसे जुळवून घेते? आणि आमची रोपे तसे जुळवून का घेऊ शकली नाहीत?

२. आपल्या जिल्ह्यांतील ऊन

पाठाची सुरुवात पुस्तकाने न करता अंगणातील काठीने करावी. जळगाव व धुळे ही दोन्ही गावे सुमारे २१ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेस आहेत. त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : एकदा २४-२५ मेच्या सुमारास व पुन्हा १८ जुलैच्या सुमारास. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लुप्त होते. उलट २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य आकाशात जेमतेम निम्म्या उंचीवर असतो आणि काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच लांब पडते. जूनमधील दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा, तर डिसेंबरमधील दिवस अकरा तासांच्या आतला असतो.

हा झाला वर्षाचा फेरा. एका दिवसातील फेरा त्याहूनही मोठा आहे. भर दुपारी स्वच्छ उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते, तर दाट झाडीच्या तळाशी तिचा शंभरातील एखाद-दुसरा भागच पोहोचतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल किंवा पालच्या रानात, सागाच्या सावलीतून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे ठाऊक आहे. श्रावणात तर ढग सरकला की क्षणार्धात लखलखीत ऊन आणि दुसऱ्या क्षणी अंधारून आलेले, असा खेळ दिवसभर चालतो. पानाला या सर्वांत काम करावयाचे असते.

३. पानाची अडचण

पान म्हणजे वनस्पतीचे स्वयंपाकघर, ही उपमा मुलांना परिचित आहे. तीच पुढे न्यावी. चुलीवर भाकरी भाजावयाची तर जाळ पाहिजे. पण पिठाचा गोळा थापून होण्यापूर्वीच जाळ भडकला तर तव्यावरची भाकरी करपते. पानामध्ये प्रकाश हा जाळ, हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांकडून आलेले पाणी हा शिधा, आणि हरितद्रव्य हे जाळ पकडणारे द्रव्य होय.

प्रकाश वाढत गेला की आरंभी अन्न तयार होण्याचा वेगही वाढतो. परंतु कपाशी, तूर, भुईमूग, केळी यांसारख्या वनस्पतींमध्ये एका मर्यादेनंतर हा वेग वाढेनासा होतो. हरितद्रव्य मात्र प्रकाश शोषतच राहते. जी ऊर्जा अन्न तयार करण्यात खर्ची पडत नाही ती मोकाट सुटते, ऑक्सिजनची अतिशय तीव्र रूपे निर्माण करते आणि ती पानाच्या आतील नाजूक यंत्रणाच मोडू लागतात. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांची अन्न बनविण्याची पद्धत निराळी असल्याने ती पिके भर उन्हाचाही पुष्कळसा उपयोग करू शकतात. तरीही त्यांनाही मर्यादा आहेच.

येथे पाण्याचा संबंध मुलांच्या ध्यानी आणून द्यावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो व हवा अत्यंत कोरडी होते. पाणी वाचविण्यासाठी पान आपली पर्णरंध्रे मिटून घेते. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आत येण्याचे दारही लागते. शिधा थांबला, जाळ मात्र चालूच! म्हणूनच जो प्रकाश ओलिताच्या पिकास पचतो, तोच कोरडवाहू पिकास जड होतो. ऊन जास्त झाले की नाही, हे त्या वेळी पानाचे काम किती वेगाने चालले आहे यावर ठरते.

४. डोळ्यांना दिसणारा उपाय : पानाची हालचाल

जुळवून घेण्याचा पहिला उपाय मुलांना उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. त्यासाठी एक सोपे प्रात्यक्षिक करावे. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घेऊन उन्हात जावे. एक पाटी सूर्याकडे तोंड करून धरावी व तिच्यावर पुठ्ठ्याची सावली पाडावी. पुठ्ठा सूर्यासमोर सपाट धरला तर सावली मोठी पडते. हळूहळू कलता केला तर ती अरुंद होते. कड सूर्याकडे केली तर केवळ एक रेघ उरते. जेवढी सावली, तेवढे ऊन पुठ्ठ्याने झेलले. पुठ्ठा साठ अंशांनी कलला की झेललेले ऊन निम्म्यावर येते. पान नेमके हेच करते.

कपाशीचे शेत सकाळी व सायंकाळी पाहण्यास सांगावे. सकाळी पाने पूर्वेकडे तोंड करून असतात, दिवसभर सूर्यामागे फिरतात आणि सायंकाळी पश्चिमेकडे कलतात. सकाळ-सायंकाळचे कोवळे ऊन अधिकाधिक झेलण्याची ही युक्ती आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली १२५ मेगावॉटचा सौर वीजप्रकल्प उभा राहिला. तेथील काचेच्या तक्तपोशीचा कल मनुष्याला हिशेब करून ठरवावा लागतो. कपाशीचे पान तो आपला आपण ठरविते.

भुईमुगाच्या पानास दोन जोड्या, म्हणजे चार दले असतात. ओल असताना ती पसरलेली असतात. परंतु उघडीप पडून जमीन सुकली की भर दुपारी ही दले वर उचलली जाऊन एकमेकांजवळ येतात व त्यांची कड सूर्याकडे होते. शेतकऱ्याला दुपारी पीक ‘मिटलेले’ दिसते आणि ऊन उतरले की ते पुन्हा उघडते. मूग, उडीद, चवळी यांतही अशी हालचाल आढळते. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळीच्या बागेत हेच दृश्य भव्य स्वरूपात दिसते. सकाळी पसरट असलेल्या पानाचे दोन्ही अर्ध दुपारी मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंनी खाली झुकतात व पान घराच्या उतरत्या छपरासारखे दिसू लागते.

ही हालचाल घडते कशी? भुईमूग, तूर, चिंच अशा झाडांच्या पानांच्या व दलांच्या बुडाशी एक लहानसा फुगीर भाग असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरले व दुसऱ्या बाजूच्या पेशींतून निघून गेले की पान कलते. दारास जशी बिजागरी तसा पानास हा फुगवटा. केळीमध्ये अशाच पेशींची पट्टी मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांस असते.

वनस्पतींच्या या हालचालींकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांत चार्ल्स डार्विन हे एक होत. त्यांनी आपला पुत्र फ्रान्सिस याच्या साहाय्याने केलेले या विषयावरील संशोधन १८८० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आपल्या देशात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः घडविलेल्या अत्यंत सूक्ष्मग्राही यंत्रांनी पानांच्या हालचाली टिपल्या. १९१७ साली कलकत्त्यास त्यांनी स्थापन केलेली संशोधनसंस्था आजही कार्य करीत आहे.

५. न दिसणारा उपाय : पानाच्या आतील बंदोबस्त

दुसरा उपाय पानाच्या आत घडतो. पानाच्या पेशींत हरितद्रव्य असलेले बारीक कण असतात. उजेड मंद असला की हे कण पेशीच्या वरच्या व खालच्या बाजूस पसरून बसतात, म्हणजे एकही किरण वाया जाऊ नये. उजेड प्रखर झाला की तेच कण सरकत जाऊन बाजूच्या उभ्या भिंतींशी, एकामागे एक, जणू एकमेकांच्या सावलीत उभे राहतात. या स्थलांतरास काही मिनिटांपासून सुमारे तासभर लागतो. ही शक्ती नसलेली रोपे प्रखर प्रकाशात अधिक इजा पावतात, असे जपानी संशोधकांनी २००२ साली मोहरीच्या कुळातील एका लहानशा वनस्पतीवर सिद्ध करून दाखविले.

याहूनही जलद असा एक उपाय आहे. पानात हिरव्या द्रव्याबरोबर पिवळी द्रव्येही असतात. प्रकाश अनावर होताच त्यांपैकी एका द्रव्याचे काही मिनिटांतच दुसऱ्या पिवळ्या द्रव्यात रूपांतर होते. पहिल्यास व्हायोलॅझँथिन व दुसऱ्यास झिॲझँथिन म्हणतात. हे दुसरे द्रव्य असताना हरितद्रव्याने शोषलेली जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निरुपद्रवीपणे बाहेर टाकली जाते. धरणाचे पाणी वाढले की सांडव्याने सोडून द्यावे, तसाच हा प्रकार. गिरणा किंवा हतनूर धरण पाहिलेल्या मुलांना सांडव्याचा दाखला चटकन पटेल. या द्रव्याचा आणि ऊर्जा बाहेर टाकण्याचा संबंध बार्बरा डेमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिला.

परंतु या सांडव्यात एक उणीव आहे. ऊन येताच तो त्वरेने उघडतो, पण ढग आला म्हणून तितक्याच त्वरेने बंद होत नाही. सावली पडल्यावरही काही मिनिटे पान ऊर्जा बाहेर टाकीतच राहते. नेमका ज्या वेळी प्रकाशाचा कण अन् कण हवा असतो, त्याच वेळी तो वाया जातो. ढगाळ दिवशी, किंवा वाऱ्याने वरची पाने हलून खालच्या पानांवर कवडसे पडत असताना, ही हानी दिवसभरात पुष्कळ होते. अमेरिकेतील इलिनॉय व कॅलिफोर्निया येथील संशोधकांनी तंबाखूच्या रोपांत हा सांडवा लवकर मिटेल असा बदल केला. तेव्हा शेतातील रोपांची वाढ सुमारे पंधरा टक्क्यांनी अधिक झाली. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पानाने प्रकाशाशी किती चटकन जुळवून घ्यावे, हा प्रश्न अशा रीतीने पिकाच्या उत्पन्नाशी जाऊन भिडतो.

६. सावकाश होणारा उपाय : पानाची घडण

तिसरा उपाय दिवस आणि आठवडे घेतो. एकाच कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या झाडावर बाहेरच्या, उन्हातील फांदीचे एक पान आणि आतील, सावलीतील फांदीचे एक पान घ्यावे. सावलीतील पान बहुधा मोठे, पातळ व गर्द हिरवे असते. उन्हातील पान त्या मानाने लहान, जाड व किंचित फिकट असते. सावलीच्या पानात प्रकाश झेलणाऱ्या खांबासारख्या पेशींचा थर एकच व आखूड असतो. उन्हाच्या पानात तो लांब असतो, कित्येकदा दोन-तीन थरांचा असतो. सावलीच्या पानाचा सारा खर्च प्रकाश पकडण्यावर, तर उन्हाच्या पानाचा खर्च पकडलेल्या प्रकाशाचा झपाट्याने उपयोग करण्यावर व स्वसंरक्षणावर असतो. सांडपाण्याच्या कडेला, भिंतीच्या आडोशास वाढणाऱ्या अळूची रुंद पाने आणि माळावरच्या बाभळीची बारीक दले शेजारी ठेवली, तर हाच भेद निरनिराळ्या जातींत निसर्गाने किती दूरवर नेला आहे ते दिसेल.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. पान पूर्ण वाढल्यावर त्याची जाडी सहसा बदलत नाही. सावलीत वाढलेले जुने पान उन्हात आणले तर ते आपल्या आतील द्रव्यांचे प्रमाण काही अंशी बदलू शकते. परंतु खांबासारख्या पेशींचा नवा थर ते उभा करू शकत नाही. उन्हाला योग्य असे पान हवे असेल तर ते नवीनच फुटावे लागते. आमच्या आंब्याच्या रोपांचे नेमके येथे चुकले. त्यांची सर्व पाने व्हरांड्यासाठी घडलेली होती. आम्ही ती एका दिवसात जुलैच्या माथ्यावरच्या उन्हाखाली नेऊन उभी केली.

७. शेजाऱ्याची चाहूल

पान केवळ उजेडाचे प्रमाणच ओळखते असे नाही. उजेडाचा प्रकारही ते ओळखते. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात, पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांस जेमतेम जाणवणारा गर्द तांबडा प्रकाश आरपार जाऊ देतात किंवा परत फेकतात. उघड्या उन्हात हे दोन प्रकाश जवळजवळ सारखे असतात. दाट पानांच्या सावलीत तांबडा फार घटतो. वनस्पतीत फायटोक्रोम नावाचे एक द्रव्य असते. त्याच्या योगे तिला हा फरक कळतो. एवढेच नव्हे, तर शेजारच्या पानांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशावरून, प्रत्यक्ष सावली पडण्यापूर्वीच तिला शेजाऱ्याची चाहूल लागते. मग ती उंच धावू लागते. पेरे लांबतात, खोड किडके व बारीक राहते.

दाट पेरलेल्या पिकात विरळणी का करावयाची, याचे एक कारण येथे सापडते. विरळणीने पाणी व खत यांची वाटणी तर सुधारतेच. शिवाय रोपांची उंचीसाठी चाललेली धावपळ थांबते. मुलांच्या घरी विरळणी होतच असते. ‘वडील दाट रोपे का उपटतात?’ हा प्रश्न विचारून मुलांना घरीच उत्तर शोधण्यास पाठवावे. शेतकऱ्याचे अनुभवाचे उत्तर आणि विज्ञानाचे उत्तर वर्गात शेजारी मांडले जाणे, हे या पाठाचे एक मोठे फळ होय.

८. मुलांकडून करवून घ्यावयाची निरीक्षणे

(अ) टाकळ्याची दिनचर्या : पावसाळ्यात शाळेच्या आवारात टाकळा मुबलक उगवतो. त्याचे एक रोप ठरवून सकाळी ७, दुपारी १२, सायंकाळी ४ व सूर्यास्तानंतर अशा चार वेळी त्याच्या दलांचे चित्र काढावे. टाकळा न मिळाल्यास चिंच घ्यावी. रात्री दले मिटतात, हे मुलांना माहीत असते. दुपारच्या कडक उन्हात त्यांचा कल किती बदलतो, हे मात्र बहुतेकांनी पाहिलेले नसते.

(आ) दोन पानांचे वजन : आंब्याच्या एकाच झाडाची दहा उन्हातील व दहा सावलीतील पाने घ्यावीत. प्रत्येक पानातून, मधली शीर टाळून, दोन सेंटिमीटर बाजूचा एक चौरस कापावा. डब्यांच्या दोन झाकणांचा व पट्टीचा तराजू करून दहा चौरस एका पारड्यात व दहा दुसऱ्यात घालावेत. चौरस सारखेच, तरी उन्हाचे पारडे खाली जाते. असे का, याचे उत्तर मुलांनीच द्यावे. तसेच पानांच्या गठ्ठ्याची जाडी पट्टीने मोजावी.

(इ) पानावरील पट्टी : सावलीत वाढलेल्या आंबुटीसारख्या पातळ पानावर काळ्या कागदाची अरुंद पट्टी हलकेच बसवून ते पान सुमारे तासभर उन्हात ठेवावे. पट्टी काढल्यावर झाकलेली जागा थोडी अधिक गर्द हिरवी दिसते; कारण तेथील हरितकण भिंतीकडे सरकलेले नसतात. हा फरक सूक्ष्म असल्याने प्रत्येक पानावर दिसेलच असे नाही. न दिसल्यास मुलांनी तसेच नोंदवावे. ‘दिसले नाही’ अशी प्रामाणिक नोंद हीही विज्ञानातील नोंदच होय.

९. रोपांना उन्हाची सवय लावणे

आता आमच्या करपलेल्या रोपांकडे परत येऊ. दरवर्षी आपल्या शाळांतून वृक्षारोपण होते आणि पुष्कळ रोपे पहिल्या महिन्यातच दगावतात. गुरे, पाणी व माती ही कारणे आहेतच. परंतु सावलीतून उन्हात एकदम केलेले स्थलांतर हे टाळता येण्यासारखे एक कारण आहे. उतिसंवर्धित केळीची रोपे आपल्या जिल्ह्यात घरोघर परिचित आहेत. ती प्रयोगशाळेतून थेट शेतात जात नाहीत. आधी हरितगृहात, मग सावलीच्या जाळीखाली, आणि नंतरच शेतात जातात. शाळेच्या रोपांसाठी हाच क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

शाळा उघडताच, जूनच्या मध्यापासून, पहिला आठवडा रोपांना सकाळी नऊपर्यंतचेच ऊन द्यावे. दुसऱ्या आठवड्यात सकाळी अकरापर्यंत व चारनंतर पुन्हा, असे ऊन द्यावे. तिसऱ्या आठवड्यात ती दिवसभर उघड्यावर ठेवावीत. या काळात पिशवीतील माती सुकू देऊ नये. उन्हात आल्यानंतर फुटलेली निदान एक-दोन नवी पाने दिसली, की रोप लावण्यास योग्य झाले असे समजावे. रोपवाटिकेतून रोपे आणल्यास ती जाळीखाली होती की उघड्यावर, हे विचारून घ्यावे. लागवड ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी करावी आणि पहिले काही दिवस पश्चिमेच्या बाजूस पळसाची अगर अन्य पाल्याची फांदी रोवून दुपारचे ऊन अडवावे. पान अर्धे करपले म्हणून ते तोडू नये. हिरवा राहिलेला भाग नवी पालवी येईपर्यंत रोपाला पोसतो.

पुढील वर्षी आमच्या शाळेत असेच करण्यात आले. रोजचे ऊन-सावलीचे वेळापत्रक मुलांनीच लिहिले व पाळले. ज्याने ते पान उचलून दाखविले होते, त्या मुलाकडे नोंदवहीचे काम दिले. त्या पावसाळ्यात काही रोपे गुरांनी खाल्ली, एक-दोन वाळली. पण पानांवर पांढरे चट्टे पडलेले रोप आढळले नाही.

१०. पाठाअंती विचारावयाचे प्रश्न

१) भर दुपारी भुईमुगाची पाने मिटली तर पिकाचे नुकसान होते की रक्षण? दोन्ही बाजूंनी विचार करून सांगा.
२) तुळशीची एक कुंडी घरात व एक अंगणात दोन महिने ठेवल्यास नव्या पानांत कोणता फरक पडेल? ठेवून पाहा.
३) पाणी मिळालेले पीक व तहानलेले पीक यांपैकी कोणास एकच ऊन अधिक बाधेल? का?
४) ‘वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो’ हे वाक्य अधिक खरे करून पुन्हा लिहा.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी जपून ठेवावीत. प्रत्येक मूल ते वाक्य आपल्या पाहण्याप्रमाणे पुरे करील. कोणी त्यात पाणी आणील, कोणी दुपार, कोणी शेजारचे रोप. पाठ्यपुस्तकातील वाक्य मुलाने स्वतःच्या निरीक्षणाने दुरुस्त केले, म्हणजे हा पाठ पूर्ण झाला असे समजण्यास हरकत नाही.